जमैकाचे चौघे आणि पाचवा फोटो

लातुरात लेखक म्हणून जगणं काय असतं हे ज्याला पाहायचं असेल त्यानं लग्नसराईत माझ्या घरी येऊन बसावं. सकाळी दाढीचा साबण तोंडावर असताना दार वाजतं. "हंगरगे साहेब, तुमी लिहिताव म्हणं. पत्रिकेवर टाकायला दोन वळी द्या की." लग्नं संपली की निवृत्तीची मानपत्रं, मानपत्रं संपली की वर्षश्राद्धाच्या स्मरणिका. आमच्या कॉलनीत कुणी गेलं, की रडणं घरचे करतात आणि त्याचे सद्गुण मी शोधायचे. हे सगळं अर्थातच फुकट, कारण लिहायला काय लागतं? पेन तर घरातच असतो.

उरलेल्या वेळात मी कथा लिहितो. पाटबंधारे खात्यातली कारकुनी संध्याकाळपर्यंत माझा पिट्टा पाडते, म्हणून लिहायचं पहाटे. पण आमच्याकडे नळ आठ-दहा दिवसांनी येतो आणि तो नेमका माझ्या कथेतलं कुणी मरायला टेकलं की येतो. मग त्या पात्राला तसंच लटकत ठेवून मी पाइप धरतो. माझ्या कथांमध्ये माणसं फार रेंगाळत मरतात असं एका समीक्षकानं लिहिलं होतं. त्याच्या घरी चोवीस तास पाणी असणार.

पुण्याच्या एका संपादकांनी तर माझी कथा परत करताना फोनवर विचारलं, "तुम्ही लातूरचे ना? मग हिच्यात दुष्काळ कसा नाही?" मी म्हणालो, कथा एका शिंप्याच्या दोन बायकांची आहे. ते म्हणाले, "तरी पण." त्या दिवशी माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता अशा मुलखाच्या गोष्टी लिहायच्या की जिथला दुष्काळ मला कुणी मागणार नाही. आणि मी जमैकाच्या थोर माणसांवर पुस्तक लिहिलं.

लोकांना मी हे कारण सांगतो. खरं कारण माझी मुलगी ऋतुजा.

ऋतुजा अकरावीत आहे आणि शंभर मीटर पळते. पळायची, असं म्हणायला हवं. दोन वर्षं ती शाळेकडून पहिली येत होती. मग औशाला एका लग्नात तनुजाच्या, म्हणजे माझ्या बायकोच्या, आत्यानं, धोंडाबाईनं, भर मांडवात तिची हनुवटी धरली. "अगं बाई, उन्हात पळून पळून पार कोळसा झालीस की! आधीच बापावर गेलीस. आता पसंत कोन करावं तुला?" मांडव हसला. पोरगीही हसली. दुसऱ्या दिवसापासून तिनं मैदान सोडलं. तोंडाला स्कार्फ गुंडाळून क्लासला जायचं, यायचं, आणि आरशासमोर कसलीशी क्रीम चोळत बसायचं. काटेरी तळव्यांचे पळायचे बूट माळ्यावर गेले.

"बापावर गेलीस" हे मला लागलं, हे कबूल करतो. शाळेत मला काळ्या म्हणत. तनुजाला पाहायला गेलो तेव्हा तिच्या मावशीनं मधल्या खोलीत मोठ्यानं विचारलेलं मी ऐकलं होतं, "मुलगा हाच का, की ह्यो ड्रायव्हर हाय?" अशा गोष्टी माणूस विसरत नाही, फक्त त्यावर हसायला शिकतो.

तर पोरीसाठी म्हणून मी चार माणसं निवडली, चौघंही आमच्याच रंगाची. पहिली नॅनी. गुलामीतून पळालेल्या लोकांना डोंगरात जमवून इंग्रजांशी लढली. आज जमैकाच्या नोटेवर तिचं चित्र आहे. दुसरी मेरी सीकोल. लढाईत जखमींची सेवा करायला इंग्रजांनी नेलं नाही, तेव्हा स्वतःच्या हिमतीवर समुद्र ओलांडून गेली. तिसरे मायकेल होल्डिंग, ज्यांची पावलं अंपायरलाही ऐकू येत नसत असे गोलंदाज. आणि चौथी मर्लिन ओटी. लहानपणी अनवाणी पळाली आणि पुढं ऑलिम्पिकमध्ये नऊ पदकं घेतली. त्यात सोनं एकही नाही. चौघांवर चार कथा. नांदेडच्या एका प्रकाशकानं पुस्तक छापलं आणि मला फोन करून "हे नेमकं कोण घेणार?" असं विचारलं, पण छापल्यावर विचारलं, हा त्याचा मोठेपणा.

ओटीची कथा ऋतुजानं वाचली. वाचून झाल्यावर म्हणाली, "पप्पा, हिला खरंच सोनं मिळालं न्हाई?"

"ऑलिम्पिकचं नाही."

"तरी पळतच राहिली?"

"चाळिशी उलटली तरी."

तिनं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "प्रकाशन करणार असाल तर ही कथा मी वाचीन." आणि आत जाता जाता, जणू सहज, "बूट माळ्यावरच हायत ना?" नांदेडला प्रकाशनाच्या आठवड्यातच, रविवारी, धावपटूंच्या संघाची निवड चाचणी होती. तिच्या सरांचा फोन येऊन गेला होता. "सहा तारखेनंतर सांगते," ती म्हणाली.

सहा ऑगस्ट हा जमैकाचा स्वातंत्र्यदिन. माझा बेत अगदी छोटा होता. कॉलनीच्या देवळामागच्या सभागृहात चार फोटो, पंधरावीस माणसं, ऋतुजाचं वाचन, चहा. एवढंच. पण आमच्याकडे छोटा बेत छोटा ठेवायला फार मोठा माणूस लागतो.

पहिले आले बजरंग अण्णा. एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झाल्यापासून ते आमच्या कॉलनीचं येणंजाणं कंट्रोल करतात. "बॅनर कुटंय?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "अण्णा, घरगुती कार्यक्रम आहे."

"बॅनर न्हाई तर कारेक्रमच न्हाई. आन् बॅनर म्हनलं की भाऊंचा फोटो लागतोय." भाऊ म्हणजे आमच्या वॉर्डाचे पुढारी. "भाऊंचा फोटो नसलेला बॅनर ह्या रोडवर एक रात टिकलेला दाखवा. आन् भाऊंचा फोटो घेतला की भाऊंना पावनं म्हनून बलवावं लागतंय. मी बोलून टाकलोय."

"कुणाशी?"

"भाऊंशी. हाव म्हनले. ते जमैका म्हंजी बिलोलीच्या पुढं का अलीकडं, तेवडं तुमी मला सांगून ठिवा."

बॅनर आला म्हणजे परवानगी आली. परवानगीच्या कार्यालयातल्या साहेबांनी माझा अर्ज तीनदा वाचला. लेखकाला एवढा वाचक मिळणं दुर्मीळ, म्हणून मी आदबीनं उभा होतो.

"जयंती का पुण्यतिथी?"

"दोन्ही नाही. स्वातंत्र्यदिन."

"तो पंधराला असतोय."

"हा जमैकाचा. सहाला असतो."

"त्यांचा येगळा कसा काय?" साहेबांच्या आवाजात देशप्रेम होतं. मी त्यांना थोडा इतिहास सांगितला. त्यांनी थोर पुरुषांची सरकारी यादी काढली, तीत माझे चौघे शोधले आणि न सापडल्याचं खऱ्या दुःखानं मला दाखवलं. शेवटी म्हणाले, "बरं, परदेशी किती येणार?"

"चौघांचे फोटो येणार."

त्यांनी लिहिलं, 'परदेशी व्यक्ती : चार', आणि 'फोटो' हा शब्द कंसात टाकायचा राहिला. त्याचा परिणाम म्हणून दुसऱ्या दिवशी आमच्या दारात हवालदार. "चार परदेशी पावनं उतरलेत म्हणं तुमच्याकडं. पासपोर्ट बघायचेत."

तनुजानं मख्खपणे त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि पलंगावर मांडलेले चार फोटो दाखवले. "हे उतरलेत. जेवत न्हाईत, कायी न्हाई. लई गुणाची माणसं हायत." हवालदार चहा प्याले, होल्डिंगला त्यांनी लगेच ओळखलं, आणि जाताना दारात थांबून म्हणाले, "साहेब, तुमी लेखक हाव तर... बहिणीचं लगीन हाय. पत्रिकेवर दोन वळी..." मी दिल्या. कायद्यापुढे सगळे सारखे.

बॅनरचं काम दिलं आदर्शला. चौकात त्याचं फ्लेक्सचं दुकान आहे. लातुरातला प्रत्येक वाढदिवस, निवड आणि श्रद्धांजली ह्या पोराच्या हाताखालून जाते. मी त्याला चौघांचे फोटो दिले, भाऊंचा दिला, आणि कोपऱ्यात लेखक म्हणून माझा. "काळजी सोडा सर," तो म्हणाला, "झक्कास करून टाकतो."

सहा तारखेला सकाळी बॅनर देवळाच्या कोपऱ्यावर चढला. मी चप्पल अडकवून पाहायला गेलो आणि रस्त्यातच थांबलो. दोनतृतीयांश बॅनरवर भाऊ होते, हात जोडून. हे अपेक्षित होतं. खाली एका ओळीत चार गोल होते आणि त्यांच्यावर लिहिलं होतं 'शुभेच्छुक'. म्हणजे नॅनी, मेरी सीकोल, होल्डिंग आणि ओटी हे चौघे भाऊंना शुभेच्छा देत होते. तेही मी गिळलं असतं. पण ते चौघे गोरे होते.

गोरे म्हणजे गुलाबी गोरे. नॅनी एखाद्या बँकेतल्या मॅडम वाटत होत्या. होल्डिंग पिठाच्या गिरणीतून आत्ताच बाहेर पडल्यासारखे दिसत होते. ओटीच्या गालांवर तर लाली चढवली होती. दुधाच्या किटल्या घेऊन चाललेला एक जण सायकल थांबवून म्हणाला, "विंग्रज हायत का ओ?"

मी आदर्शच्या दुकानात शिरलो ते ओरडतच. "अरे, ही काय केलीस रे माणसं?"

आदर्शला खरंच कळेना. "का सर? फाटले का?"

"गोरी केलीस तू त्यांना!"

"मग?" तो म्हणाला. "ते तर सगळ्यांचेच करतो की सर. फोटो आला की आदी चेहरा उजळायचा, मग बाकीचं. हितं कोनाचाबी फोटो हाय तसा छापला तर गिऱ्हाईक शिव्या देतंय, परत येत न्हाई. परवा एका आजीची श्रद्धांजली केली. हाय तशी ठिवली, तर पोरगा म्हनला, मायला मरून बी काळीच ठिवलीस व्हय रे? आता बोला."

मी बोललो. चांगला अर्धा तास बोललो. गुलामीपासून सुरुवात केली, समुद्र ओलांडला, औशाच्या मांडवापर्यंत आलो. दुकानात दोन-तीन गिऱ्हाइकं होती तीही ऐकत राहिली. इतकं चांगलं मी संध्याकाळीसुद्धा बोललो नाही. आदर्श मान खाली घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "चुकलं सर. चौघांचे हाय तसे काढतो आन् वरून चिटकवून देतो. दुपारपतूर."

मग संगणकाकडे वळता वळता त्यानं विचारलं, "तुमचा बी हाय तसा काढू का? एकाच शीटवर निगतंय."

इथं मला जरा थांबून सांगावं लागेल की बॅनरच्या कोपऱ्यातला माझा फोटो कसा आला होता. नाक सरळ झालं होतं. डोळ्यांखालचं सगळं गेलं होतं. आणि रंग... माझ्या लग्नात हळद लागली तेव्हाही मी असा दिसलो नव्हतो. सकाळी तनुजा माझ्यामागून रस्त्यावर आली होती. चौघांकडे पाहून ती हसत सुटली, आणि मग माझ्या फोटोपाशी थांबून, कित्येक वर्षांत बोलली नव्हती अशा आवाजात म्हणाली, "अहो, तुमचा मात्र किती छान आलाय."

मी आदर्शला म्हणालो, "राहू दे माझा. मी काय, गौण आहे. त्या चौघांचं महत्त्वाचं."

मला त्या क्षणी माझ्या नम्रतेचं कौतुकही वाटलं.

संध्याकाळी बॅनर सभागृहात मंचामागे लावला. चौघांचे खरे चेहरे गोलांवर नीट चिकटले होते. नॅनी नॅनी दिसत होती, ओटी ओटी. माणसं जमली ती पंधरावीस नव्हे, शंभरावर, कारण भाऊ येणार होते. भाऊ उशिरा आले. अण्णांनी माइक घेतला आणि "प्रतिमापूजन!" असं पुकारलं. मी चौघांचे मोठे फोटो टेबलावर ठेवले होते. देवळातले चंदनाचे हार त्यांना पडले, दिवा लागला, आणि एसटीच्या सवयीनं वेळापत्रक पुढं नेत अण्णा म्हणाले, "आता या चारी महान आत्म्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहून—"

सभागृह उभं राहिलं. भाऊही उभे राहिले. मी अण्णांच्या कानाशी लागलो, "अण्णा, त्यातले दोघे जिवंत आहेत!"

अण्णा डोळे न उघडता पुटपुटले, "मग आता काय, दोगांसाटी लोकान्ला खाली बसवू?"

होल्डिंग आणि ओटी यांनी मला क्षमा करावी. भाऊ बोलायला उठले. आपल्या लातूर पॅटर्नची पोरं डॉक्टर होऊन जगभर गेली आहेत, आणि जमैकानंही लातूर पॅटर्नचा अभ्यास करावा, असं त्यांनी सुचवलं. टाळ्या पडल्या. मग पुस्तकाचं वेष्टन सुटलं. भाऊंनी पुस्तक छातीशी उलटं धरलं आणि फोटो निघाला. लेखकाच्या आयुष्यात हा क्षण येतो म्हणतात. आला, आणि अण्णांच्या कोपराखालून गेला. मी काही मनाला लावून घेतलं नाही. मी वाट पाहत होतो ऋतुजाची.

ती मंचावर आली. तनुजानं तिला नटवलं होतं. पावडर जरा जास्तच झाली होती, कानाजवळ पांढरी रेघ दिसत होती. हातात कागद होते. माइककडे जाताना तिनं मागं वळून बॅनर पाहिला. सकाळचा गोंधळ तिला ठाऊक होता. मी आदर्शला कसं सुनावलं हे मी जेवताना दोनदा सांगितलं होतं. तिनं ओटीचा गोल पाहिला आणि तिचा चेहरा उजळला. खरा उजळला. मला वाटलं, झालं. जिंकलं आपण. रविवारी नांदेडला कोणत्या गाडीनं जायचं ह्याचा विचारसुद्धा मी केला.

मग तिची नजर कोपऱ्यात गेली.

ती माझ्या खुर्चीपाशी आली. माइक मागं राहिला होता, तिचं बोलणं मंचापुरतंच होतं. "पप्पा, त्या चौघांचे तुमी बदलून घेतलाव ना?"

"हो की."

"मग तुमचा?"

"राहिला गं. घाईघाईत राहून गेला."

समोर जमिनीवर बसून आदर्श फोटो काढत होता. पोरगं प्रामाणिक. आपल्या कामाला कुणी बोल लावू नये म्हणून तो घाईनं म्हणाला, "न्हाई ताई, मी इचारलो होतो. सरच म्हनले, राहू दे."

ऋतुजानं माझ्याकडे पाहिलं. रागानं नाही. राग परवडला असता. धोंडाबाईनं हनुवटी धरली तेव्हा मांडवात सगळ्यांबरोबर ती जशी हसली होती, तशीच किंचित हसली, आणि माइकपाशी गेली. कथा तिनं वाचली. एकही शब्द चुकला नाही. शाळेत हजेरी घेतात तशी वाचली. अनवाणी पळणारी पोर, रणरणतं ऊन, हुकलेलं सोनं, सगळं एका सुरात. लोकांनी टाळ्या वाजवल्या, भाऊंनी तिला नारळ दिला आणि विचारलं, "कोणत्या क्लासला हाय?"

मला लाज वाटली. त्या सभागृहात एवढ्या माणसांत मला एकट्यालाच वाटत होती, कारण काय झालं हे आम्हा बापलेकींनाच माहीत होतं.

रविवारी पहाटे मी माळ्यावरून बूट काढले, फडक्यानं पुसले आणि दाराशी ठेवले. ऋतुजा उठली, बूट ओलांडून गेली, स्कार्फ बांधला. "आज क्लासची टेस्ट हाय," म्हणाली. मी नांदेडचं नावही काढलं नाही. कोणत्या तोंडानं काढणार?

सोमवारी ऑफिसातून सुटून मी आदर्शकडे गेलो. म्हणालो, "माझा फोटो हाय तसा काढून दे. मूळचा. मोठा."

"आता कशाला सर? कारेक्रम झाला की."

"तू काढ."

त्यानं काढला. काढताना त्याचा हात सवयीनं दोनदा उजळण्याकडे गेला आणि दोनदा मी तो धरला. घरी येऊन मी तो फोटो बाहेरच्या खोलीत खिळ्याला अडकवला. नाक मूळ जागी, डोळ्यांखालचं सगळं परत, रंग माझा. तनुजा स्वयंपाकघरातून आली आणि चपापली. "अगं बाई! जिवंतपणी कशाला लावताव? गेलेल्या माणसाचे लावतेत असले."

मी ऋतुजाच्या येण्याची वाट पाहत खुर्चीत बसून राहिलो.

ती आली. दारात चपला काढल्या, स्कार्फ सोडला, आणि फोटोसमोर उभी राहिली. बराच वेळ पाहत होती.

"आदर्शदादाकडून आणलाव?"

"हो. जसा आहे तसा."

"चांगला हाय," ती म्हणाली. आणि मग, मला वाईट वाटू नये इतक्या हळू आवाजात, "पण रविवार गेला ना, पप्पा."

आत गेली. नळ येऊन गेला होता, बादल्या भरलेल्या होत्या. ती तोंड धूत होती, खूप वेळ.